लॅपटॉप आता घ्यावा की थांबावे?

चिकित्सालयासाठी अथवा औषधी दुकानासाठी लॅपटॉप आताच घ्यावा, की नवे मॉडेल बाजारात येईपर्यंत थांबावे, हा प्रश्न वैद्यबंधू-भगिनी व औषधविक्रेते आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी, साठ्याची व मुदत-तारखांची यादी, जीएसटीची बिले आणि येणे-देणे हे सर्व ज्या एका यंत्रात साठविलेले असते, त्याच्याविषयीचा निर्णय लांबणीवर टाकणे म्हणजे नेमके काय, हे ऐन मार्चअखेरीस ज्यांचे यंत्र बंद पडले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

थांबण्याची प्रवृत्ती निराधार मात्र नव्हे. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका चिपवर मावणाऱ्या घटकांच्या वाढीविषयी जे भाकीत केले आणि १९७५ मध्ये 'दर दोन वर्षांनी दुप्पट' असे सुधारले, ते पुढे कित्येक वर्षे खरे ठरत गेले. त्यामुळे आज घेतलेल्या यंत्रापेक्षा उद्याचे यंत्र सरस आणि त्याच किमतीत, असा अनुभव सर्वांना आला. परंतु हे तर्कशास्त्र एकदा मान्य केले की खरेदीचा दिवस कधीच उगवत नाही. या वृत्तीला संगणकाच्या इतिहासात 'ऑस्बोर्न परिणाम' या नावाशी जोडलेला एक प्रसिद्ध दाखला आहे. अ‍ॅडम ऑस्बोर्न यांच्या कंपनीने १९८१ मध्ये सुमारे ११ किलो वजनाचा, १,७९५ डॉलर किमतीचा 'सुवाह्य' संगणक विक्रीस आणला व तो चांगला खपला. पुढे त्याहून सरस मॉडेल येणार ही वार्ता आधीच पसरली, विक्रेत्यांनी जुन्याची मागणी रोखली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अभ्यासक याची इतरही कारणे देतात. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, या ऑस्बोर्न यांचे बालपण तिरुवण्णामलई येथे रमण महर्षींच्या सान्निध्यात गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधन कोडाईकनाल येथे झाले.

आमच्या मते हा प्रश्न आपल्या शास्त्रातील सवीर्यता-अवधीच्या कल्पनेने अधिक चांगला उलगडतो. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी, तर गुटी व लेहाचे वर्षाने क्षीण होते असे सांगितले आणि आसव, धातू व रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणवान मानले. लॅपटॉप हा आसवाच्या नव्हे, चूर्णाच्या जातीचा पदार्थ आहे. शिवाय त्याचा अवधी आपण खोके उघडल्यापासून मोजावयाचा नसून, त्यातील कार्यप्रणालीला निर्माती कंपनी किती काळ सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणार आहे त्यावरून मोजावयाचा असतो. नवे मॉडेल केव्हा येणार यापेक्षा आपल्या हातातील यंत्राचा हा अवधी संपला की नाही, हे आधी पाहावे.

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली, ती केवळ सुरक्षा-दुरुस्त्यांपुरती. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही. ते पूर्ववत चालते आणि म्हणूनच धोका लक्षात येत नाही. नवे दोष उघड होत राहतात, त्यांची दुरुस्ती मात्र येत नाही. दोषांचा संचय झाला आहे, लक्षण व्यक्त झालेले नाही, अशीच ही अवस्था म्हणावी लागेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'सारख्या संस्थेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील नोंदणीसह अनेक कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. आपल्या छोट्या चिकित्सालयाकडे कोण लक्ष देणार, हा समज चुकीचा आहे. असे हल्ले बहुधा व्यक्ती पाहून होत नाहीत, उघडी दारे शोधत फिरतात. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेला वृत्तान्त असुरक्षित यंत्रात ठेवणे हे कायद्याआधी आपल्या व्यवसायधर्मात बसत नाही.

विंडोज ११ साठी यंत्रात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा आठव्या पिढीचा अथवा त्यानंतरचा, किंवा त्याच काळातील एएमडीचा प्रोसेसर लागतो. स्थूलमानाने २०१८ पूर्वीची बरीच यंत्रे येथेच बाद होतात. अशा यंत्रावर इंटरनेट जोडून व्यवसायाचे काम चालू असेल, तर प्रतीक्षेचा विचार सोडून द्यावा.

यंत्र विंडोज ११ चालवू शकते, पण फार मंद झाले आहे, अशी तक्रार असल्यास मात्र नवे घेण्याची घाई नको. मंदपणाचे कारण पुष्कळदा प्रोसेसर नसून जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसविली आणि ४ जीबी रॅमची ८ जीबी केली, तर बिलिंग, रुग्णनोंद, पत्रव्यवहार ही कामे आणखी दोन-तीन वर्षे सुखाने होतात. केवळ बॅटरी टिकत नसेल तर बॅटरीच बदलावी. रॅम वाढविता येते की ती मदरबोर्डवर कायमची जडविलेली आहे, हे तंत्रज्ञाकडून आधी पाहून घ्यावे. सडपातळ मॉडेलांत ती बहुधा जडविलेलीच असते.

'थांबलो तर स्वस्त मिळेल' हे गृहीतकही आता तपासून पाहिले पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय माहिती-केंद्रांना विशिष्ट प्रकारची मेमरी फार मोठ्या प्रमाणात लागते. सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीनच कंपन्या जगातील बहुतांश रॅम तयार करतात आणि त्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळविली. परिणामी २०२५ च्या उत्तरार्धापासून साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा आपला ग्राहकोपयोगी व्यवसाय बंद करण्याचेच जाहीर केले. दुष्काळी वर्षात वनौषधीचा भाव उतरेल म्हणून थांबणाऱ्या औषधनिर्मात्याची जी गत होते, तीच येथेही होऊ शकते. त्याच किमतीत कमी रॅमचे यंत्र हाती येण्याचा संभव अशा वेळी अधिक. म्हणून घ्यावयाचे ठरल्यास १६ जीबी रॅम व ५१२ जीबी एसएसडी असलेले घ्यावे. प्रोसेसर मधल्या दर्जाचा असला तरी चालेल. प्रोसेसरवरील बचत पुढे खुपत नाही, रॅमवरील खुपते.

मग थांबावे कोणी? ज्यांचे यंत्र सुरक्षित आहे व काम अडलेले नाही त्यांनी. आणि ज्यांना हवे ते मॉडेल सणासुदीच्या सवलतीत महिन्या-दोन महिन्यांत मिळणार आहे त्यांनी. तेही तारीख ठरवून. केवळ 'एआय'ची चिठ्ठी लावलेले पुढचे यंत्र यावयाचे आहे म्हणून बिलिंगच्या टेबलावरील खरेदी रोखून धरणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही. साठा व बिले यांच्या कामाला त्या जादा शक्तीचा उपयोग नाही.

कराची बाजू वैद्यांची व दुकानदारांची वेगळी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, लॅपटॉपवरील मात्र १८ टक्केच राहिला. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने केवळ चिकित्सा करणाऱ्या वैद्यास हे १८ टक्के परत मिळत नाहीत, तो सरळ खर्च धरावा. नियमित पद्धतीने नोंदणी असलेल्या औषधविक्रेत्यास व्यवसायाच्या लॅपटॉपवरील कराचे क्रेडिट घेता येते, कंपोझिशन योजनेतील विक्रेत्यास नाही. चिकित्सालय व दुकान एकाच नावाने असल्यास क्रेडिट प्रमाणशीरच मिळते. खरेदीच्या वेळी बिलावर जीएसटी क्रमांक घालून घेण्यास अनेक जण विसरतात. आयकरात संगणकावरील घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे, पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाल्यास तो निम्माच मिळतो. तेव्हा मार्चमध्ये घाईने घेण्यात वाटतो तितका लाभ नसतो. ठोक पद्धतीने उत्पन्न दाखविणाऱ्यांना घसारा वेगळा मिळत नाही. आपल्या करसल्लागारांना विचारून खरेदीचा महिना ठरवावा.

नवे यंत्र आल्यावर जुने लगेच विकू नये. बिलिंग सॉफ्टवेअरचा परवाना पुष्कळदा एकाच यंत्राशी बांधलेला असतो. तो जुन्यावरून रीतसर सोडवून नव्यावर घ्यावा लागतो. सर्व माहितीची एक प्रत बाह्य डिस्कवर काढावी, ती नव्या यंत्रात उघडून पाहावी आणि निदान एक जीएसटी विवरणपत्र नव्यावरून भरले जाईपर्यंत जुने यंत्र जवळ असू द्यावे. त्यानंतर ते विकताना वा कोणास देताना फाइली नुसत्या 'डिलीट' करून भागत नाही, कारण त्या पुन्हा मिळविता येतात. तंत्रज्ञाकडून डिस्क पूर्णपणे पुसून घ्यावी, अथवा डिस्क काढून घेऊन उरलेले यंत्र द्यावे.