‘जलरोधक’ या शब्दाचा अर्थ: सातारा-सांगलीकडील पावसाळी वस्त्रांच्या निवडीसंबंधी

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर आणि म्हसवड या दोन गावांमधील अंतर सरळ रेषेत मोजल्यास सुमारे १२० किलोमीटर भरते. पहिल्या ठिकाणी वर्षाकाठी सरासरी ५५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दुसऱ्या ठिकाणी तो जेमतेम ५०० मिलिमीटर असतो. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा पश्चिम भाग आणि जत-आटपाडीचा पूर्व भाग यांमध्ये असाच भेद आढळतो. पावसापासून अंग राखण्याची साधने व त्यांची नावे या प्रदेशात एकसारखी नसावीत, हे त्यामुळे स्वाभाविकच होय. पूर्वेकडे मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी असते, पश्चिमेकडे भातलावणी करणाऱ्या स्त्रीच्या पाठीवर इरले असे, आणि ज्याला यांपैकी काहीच परवडत नसे तो गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून त्याची खोळ, म्हणजेच घोंची, डोक्यावरून घेई. आज याच डोंगरांवर पावसाळ्यात पायी भटकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कास, ठोसेघर, सज्जनगड, गुढे-पाचगणीचे पठार येथे जाणारा विद्यार्थी अथवा नोकरदार बाजारात जातो तेव्हा त्याच्यापुढे ‘रेनकोट’, ‘विंडचीटर’, ‘वॉटरप्रूफ’, ‘जलरोधक’ असे शब्द येतात. खिशात पैसे बेताचे असतात, आणि हे शब्द नेमके काय सांगतात याचा खुलासा दुकानात सहसा होत नाही.

यांपैकी ‘विंडचीटर’ या शब्दाची गंमत विशेष आहे. मूळ इंग्रजीत तो वाऱ्यापासून बचाव करणाऱ्या जाकिटाला लावतात. पावसाशी त्याचा अवश्य संबंध नाही. मराठी बोलण्यात मात्र तो सर्रास पावसाळी जाकिटाचा वाचक झाला आहे. दुकानदार त्या नावाने जे देतो ते कधी पाण्याला दाद न देणारे असते, तर कधी पहिल्या जोराच्या सरीतच आतपर्यंत ओले होणारे असते. शब्दाने फसवले असे म्हणण्यापेक्षा, एकाच शब्दाने दोन भिन्न वस्तूंची नावे भागवली असे म्हणणे अधिक योग्य.

‘जलरोधक’ या संस्कृतोद्भव शब्दाचीही अडचण जवळपास तीच आहे. पाणी पृष्ठावरून झटकून टाकणारे कापड, काही काळ पाण्याला अडवून धरणारे कापड आणि पाण्याला मुळीच वाट न देणारे कापड, या तिन्हींसाठी मराठीत हे एकच विशेषण वापरले जाते. नामे व विशेषणे अशी तोकडी पडत असली, तरी मराठीतील क्रियापदे या बाबतीत कमालीची नेमकी आहेत. पाणी कापडावरून ओघळते, कापडात मुरते, किंवा कापडातून पाझरते. आणि बाहेरचे पाणी आत आले नाही तरी अंग आतून घामेजते. या चार क्रिया परस्परांपासून स्वतंत्र आहेत. ‘हे जलरोधक आहे काय?’ असे विचारण्याऐवजी ग्राहकाने या चार क्रियापदांनी प्रश्न विचारले, तर त्याला पुष्कळच उपयुक्त उत्तर मिळेल.

ओघळणे हा पृष्ठाचा गुण होय. नव्या जाकिटावर पाण्याचे मोत्यांसारखे थेंब उभे राहतात व घरंगळून जातात. हा परिणाम कापडावर दिलेल्या एका पातळ रासायनिक लेपामुळे होतो, आणि तो लेप टिकाऊ नसतो. पाठपिशवीचे पट्टे घासून, धुळीने, तेलकटपणाने तो काही काळातच क्षीण होतो. मग पाणी ओघळेनासे होऊन बाहेरच्या कापडात मुरू लागते. अशा वेळी जाकीट ‘गळते’ अशी तक्रार होते. पण बहुधा ते गळत नसते, नुसते जड व गार झालेले असते. सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण खळबळून, बेताची ऊब दिल्यास हा गुण काही अंशी परत येतो.

पाझरणे हा आतील थराचा प्रश्न आहे. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉशने नॅफ्थ्यात विरघळविलेले रबर कापडाच्या दोन थरांमध्ये बसवून त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही: कापडाला पाण्यास अभेद्य असा एक थर जोडावयाचा. आज हा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. त्याची क्षमता मिलिमीटरांत सांगतात. पुष्कळांना वाटते की हा पावसाचा आकडा आहे. तो तसा नव्हे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला असता किती उंचीच्या दाबापर्यंत पाणी पलीकडे येत नाही, याचे ते माप आहे. १५०० हा आकडा म्हणजे दीड मीटर उंचीचा स्तंभ.

दुकानात १०,००० व २०,००० असे आकडेही दिसतात, आणि त्यांची किंमत त्या मानाने वाढत जाते. एवढ्या क्षमतेची गरज आहे काय, हे साध्या हिशेबाने पाहता येते. पावसाच्या थेंबाचा दाब फारसा नसतो; खरा दाब पडतो तो पिशवीच्या पट्ट्यांखाली. दहा किलोची पिशवी दोन्ही खांद्यांवर मिळून दोनशे चौरस सेंटिमीटर जागेवर टेकली आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरावर ५० ग्रॅम भार येतो. १ ग्रॅमचा भार म्हणजे १० मिलिमीटरांचा स्तंभ. तेव्हा हा दाब ५०० मिलिमीटरांचा झाला. पट्ट्याच्या कडेला, किंवा ओल्या खडकावर बसले असता, तो कितीतरी पट वाढतो. म्हणून १५०० चा आकडा काठावरचा मानावा. पण ३००० ते ५००० मध्ये सह्याद्रीतील एका दिवसाच्या भटकंतीचे काम भागते. त्यापुढील आकड्यासाठी पदरमोड करण्याचे कारण नाही. त्याऐवजी जाकीट उलटे करून शिवणी पाहाव्यात. सुईने पाडलेले प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. सर्व शिवणींवर आतून पट्टी चिकटविलेली नसेल, तर कापडाचा आकडा कितीही मोठा असो, पाणी खांद्यावरून आत येणारच.

खरी अडचण घामेजण्याची आहे, आणि जाहिरातींचा भर नेमका याच ठिकाणी असतो. १९६९ साली बॉब गोर याने एक विशिष्ट प्लास्टिक झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला. त्यातून ‘गोर-टेक्स’ हे कापड निघाले. पाण्याचा थेंब या छिद्रांतून जाऊ शकत नाही, वाफ मात्र जाते. अशा कापडाला ‘श्वास घेणारे’ म्हणतात. हे विशेषण काव्यमय असले तरी दिशाभूल करणारे आहे. कापड श्वास घेत नाही. आतील हवेत वाफेचा दाब अधिक व बाहेर कमी असेल, तर त्या फरकाच्या जोरावर वाफ बाहेर सरते, इतकेच. हिमालयात अथवा युरोपात, बाहेरची हवा थंड व कोरडी असता, हा फरक मोठा असतो. जुलैमध्ये कासच्या पठारावर धुके उतरलेले असते, हवा बाष्पाने संपृक्त असते आणि उष्णतामान वीस अंशांच्या आसपास असते. तेथे हा फरक बराच घटतो. शिवाय बाहेरचे कापड पाण्याने माखले की वाफेची वाट आणखी मंदावते.

आकड्यांत पाहावयाचे तर, १०,००० ग्रॅम वाफ सोडणारे कापड म्हणजे प्रयोगशाळेत, एका चौरस मीटरातून, चोवीस तासांत. तासाला ते ४१६ ग्रॅम होते. यवतेश्वरच्या घाटाने भराभर चढणाऱ्या माणसाचा घाम तासाला अर्ध्या लिटरापासून एक लिटरापर्यंत सहज जातो. उत्तम परिस्थितीतही जे पुरे पडत नाही ते धुक्यात कितपत पुरावे? दहा हजारांहून अधिक रुपये खर्चून घेतलेले जाकीट आणि दीड-दोन हजारांचे साधे लेपयुक्त जाकीट यांतील भेद हिवाळ्यातील बर्फात ठळक असेल. आषाढातील सह्याद्रीत तो पुष्कळसा पुसला जातो.

इरल्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसविलेली पाने, आकार उपड्या होडीसारखा. वाकून काम करताना डोके व पाठ झाकली जाई आणि दोन्ही हात मोकळे राहत. पण महत्त्वाची गोष्ट अशी की ते अंगाला चिकटत नसे. अंग आणि आच्छादन यांमध्ये हवा खेळती राही, त्यामुळे वाफ कोंडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पुढे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला आणि मग सांगाडाही गेला. नुसता कागद अंगाभोवती राहिला, आणि घाम येऊ लागला.

घोंगडीचा न्याय वेगळा. माण, खटाव, जत या भागांतील मेंढ्यांची जाड लोकर, सनगरांचा खड्ड्यातील माग आणि ताण्याला दिलेली चिंचोक्याची खळ यांतून निघालेली घोंगडी पाणी अडवत नाही, मुरवून घेते. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आर्द्रता, हाताला ओला न लागता, सामावून घेतो, व तसे करताना थोडी ऊबही देतो. माणदेशातील तुरळक सरींना हे पुरेसे होते. पाटण-जावळीच्या झडीत मात्र तीच घोंगडी भिजून ओझे होते.

तेव्हा बेताच्या खर्चात निवड करावयाची ती अशी. लेप दिलेले नायलॉन किंवा पॉलिएस्टर, शिवणींवर पट्टी, आणि बगलेत उघडता येणाऱ्या साखळ्या. ही शेवटची गोष्ट कापडाच्या ‘श्वासा’पेक्षा किती तरी अधिक हवा खेळवते. जाकीट एक माप सैल घ्यावे, म्हणजे इरल्यातील पोकळीचा थोडासा लाभ मिळतो. टोपीला पुढे ताठ कड असावी व मागून आवळता यावी. लांबी कमरेखाली असावी. पुढील साखळीवर झाकणपट्टी असावी. धुक्यात सोबत्यांना दिसेल असा भडक रंग बरा. पाठपिशवीसह अंग झाकणारा सैल पोंचो सर्वांत स्वस्त व हवेशीर. जंगलातील वाटेवर तो उत्तमच. परंतु चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तेथील वाऱ्यात पोंचो डोक्यावर उलटतो, आणि छत्रीचे तर नावच नको.

येथे एक धोका लक्षात घ्यावयास हवा. वीस अंशांत कोणी गारठून आजारी पडेल हे मैदानी माणसाला खरे वाटत नाही. तथापि ओले सुती कपडे, सपाटून वाहणारा वारा आणि दमलेले, उपाशी शरीर हे तिन्ही एकत्र आले की अंगातील उष्णता वेगाने जाते. हुडहुडी भरते, बोलणे अडखळते, पाऊल चुकते. जाकिटाचे काम अंग कोरडे ठेवणे हे नव्हे, कारण चार तासांच्या चढणीत ते कोणत्याच जाकिटाला साधत नाही. वाऱ्याला अडवून ओल्या अंगाची ऊब राखणे हे त्याचे काम होय. म्हणून आत सुती बनियनऐवजी पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा घालावा. जाकिटावर वाचविलेल्या पैशांतून तो घेता येतो. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा सदरा असावा.

पावसाळा संपला की जाकीट ओले असता घडी करून ठेवू नये. पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो. तो चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात. पुढील ज्येष्ठात अनेकांना आपला कोट पेटीत चिकटलेला आढळतो तो यामुळेच. सावलीत पूर्ण वाळवून, हवेशीर जागी खुंटीवर टांगलेले स्वस्त जाकीट चार-पाच पावसाळे सहज काढते. उखडलेली शिवणीपट्टी दुकानात मिळणाऱ्या शिवणीच्या लेपाने बुजविता येते.