अनुभवाचा दाखला आणि नामधारी कंपनी

नोकरीच्या अर्जासोबत अनुभवाचा दाखला जोडलेला असतो. कागद जाड, बोधचिन्ह रंगीत, शिक्का ठळक. दाखल्यावरील दूरध्वनी क्रमांकावर चौकशी केली असता पलीकडून अर्जदाराची मुक्तकंठाने स्तुतीही होते. परंतु मुळात कंपनीच अस्तित्वात नसेल, तर हे सारे आडात नसलेले पाणी पोहऱ्यात दाखविण्यासारखे होय. पैसे घेऊन कागदोपत्री अनुभव पुरविणाऱ्या नामधारी कंपन्या याच हेतूने थाटल्या जातात आणि खरोखर राबलेला उमेदवार मागे पडतो. म्हणून ज्या कागदाविषयी शंका, त्याच कागदावरील क्रमांकावर विसंबून चौकशी करू नये.

कंपनीचा एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक येथे फार बोलका ठरतो. पहिल्या अक्षरावरून कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे की नाही, हे कळते. पुढील पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात, त्यानंतरची दोन अक्षरे राज्य (महाराष्ट्रासाठी ‘एमएच’) आणि त्यापुढील चार अंक स्थापनेचे वर्ष. दाखल्यात २०१५ पासूनची सेवा आणि क्रमांकात २०१९ हे साल असेल, तर प्रश्न उपस्थित होतो. अर्थात, जुन्या भागीदारी संस्थेचे पुढे कंपनीत रूपांतर झालेले असू शकते, तेही विचारावे. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा तपशील पाहता येतो. नोंदणीकृत कार्यालयाबाहेर नावाचा फलक लावणे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार बंधनकारक आहे. तेव्हा पत्त्यावर प्रत्यक्ष जाऊन येणे केव्हाही उत्तम.

सर्वांत भक्कम पुरावा भविष्य निर्वाह निधीचा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना सामान्यतः ही योजना लागू होते. दाखला एका दुपारी तयार होतो. चार वर्षांच्या दरमहा भरण्याची नोंद तशी सहजासहजी उभी करता येत नाही. दोनशे कर्मचाऱ्यांचा डौल मिरविणाऱ्या कंपनीचा निधीत एकही सदस्य नसावा, याचा अर्थ उघड आहे. लहान आस्थापनेला मात्र हा निकष लावणे अन्यायाचे होईल.

सावधगिरीची खरी गरज पुढेच आहे. २०१७-१८ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली, ती प्रामुख्याने सलग वर्षे विवरणपत्रे दाखल न केल्यामुळे. त्या सर्वच बनावट होत्या, असे नव्हे. बंद पडलेल्या कंपनीत घाम गाळलेल्या कामगाराला त्या बंदचा दोष देता येणार नाही. बँकेत जमा झालेल्या वेतनाच्या नोंदी, प्राप्तिकर कपातीचे प्रमाणपत्र, नेमणूकपत्र ही त्याची बाजू सिद्ध करू शकतात.

पडताळणीपूर्वी अर्जदाराची लेखी संमती घ्यावी आणि विसंगती आढळल्यास नकार देण्याआधी खुलासा मागवावा. कधी कंपनीचे केवळ नाव बदललेले असते आणि अर्जदाराजवळ जुन्या नावाचा कागद राहिलेला असतो.