झीज थांबते, भरून येत नाही

संगणकावर खेळ सुरू करावा, तो अर्ध्यात बंद पडावा आणि पडद्यावर 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यावा. ग्राफिक्स कार्ड नवे, त्याची मेमरीही भरपूर. मग संपली कशी? इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे ताकदवान प्रोसेसर वापरणाऱ्या अनेकांना दोन-तीन वर्षांपूर्वी हा अनुभव आला. कोणी ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिले, कोणी रॅम बदलली, कोणी विंडोज पुसून नव्याने टाकली. दुखणे हटले नाही, कारण लक्षण एकीकडे दिसत होते आणि आजार दुसरीकडे होता.

निदान हळूहळू झाले. खेळांमधली आवळून ठेवलेली माहिती उलगडणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या 'रॅड गेम टूल्स' या कंपनीने २०२४ च्या फेब्रुवारीत बोट दाखवले ते थेट प्रोसेसरकडे. माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत होता आणि खेळ त्या चुकीचा अर्थ 'मेमरी संपली' असा लावत होता. एप्रिलमध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानेही अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितले. अखेर २२ जुलै २०२४ रोजी इंटेलने मान्य केले, की प्रोसेसरच्या मायक्रोकोडमध्येच दोष आहे आणि त्यामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेतो.

घराघरांत, दुकानांत आणि दवाखान्यांत डेस्कटॉप संगणक वर्षानुवर्षे चालतात. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' हा त्यांच्याबाबतचा सर्वमान्य नियम. हा नियम कुठे लागू पडतो आणि कुठे महागात पडतो, हे या प्रकरणातून फार चांगले समजते.

विंडोजच्या आधी जागे होणारे

संगणकाचे बटण दाबल्यावर विंडोज दिसेपर्यंतच्या काही सेकंदांत बरेच काही घडते. मदरबोर्डवर नखाहूनही लहान अशी एक फ्लॅश चिप असते. तिच्यात साठवलेल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. त्याचे जुने नाव बायोस. आजच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली असली तरी बोलीत बायोस हाच शब्द टिकला आहे. हे फर्मवेअर प्रोसेसरला जागे करते, रॅम तपासते, पंख्यांचा वेग आणि व्होल्टेजच्या मर्यादा ठरवते, डिस्क शोधते आणि मग कारभार विंडोजच्या हाती सोपवते.

प्रोसेसरच्या आतही मायक्रोकोड नावाचा सूचनांचा एक थर असतो. त्यात सुधारणा झाली तरी ती प्रोसेसरमध्ये कायमची कोरली जात नाही. ती बायोसच्या नव्या आवृत्तीतून येते आणि संगणक चालू होताना दर वेळी प्रोसेसरमध्ये नव्याने भरली जाते. रोज घ्यावयाच्या गोळीसारखाच हा प्रकार आहे. जुने बायोस परत टाकले, तर जुना मायक्रोकोडही परत आला.

ड्रायव्हर यांहून वेगळे. विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, आवाज, प्रिंटर अशा यंत्रभागांमधले ते दुभाषे. ते विंडोजच्या आत राहतात आणि बिघडले तर बहुधा काढून पुन्हा टाकता येतात. फर्मवेअरचे तसे नाही, म्हणूनच त्याची जोखीमही जास्त.

जास्त मात्रेचा परिणाम

सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने या बिघाडाचे मूळ कारण सविस्तर सांगितले. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यात घड्याळाचे ठोके पोहोचवणारे एक सर्किट असते. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान सतत सोसावे लागल्यास ते अकाली झिजते आणि ठोक्यांचा तोल ढळतो. पूर्वी जेवढ्या किमान व्होल्टेजवर काम नीट चालत होते, तेवढे आता पुरत नाही. काही बोर्डांनी वीजपुरवठ्याच्या मर्यादा इंटेलच्या शिफारशीपेक्षा सैल ठेवल्या होत्या, हेही एक कारण निघाले. गंमत अशी, की प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतानाही काही वेळा जास्त व्होल्टेज मागत होता. म्हणजे खेळ न खेळणाराही सुरक्षित नव्हता.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. जून २०२४ मध्ये '०एक्स१२५' या क्रमांकाच्या मायक्रोकोडने वेग वाढवण्याच्या नियमातली एक चूक दुरुस्त केली. ऑगस्टमधल्या '०एक्स१२९' ने १.५५ व्होल्टपेक्षा जास्त मागणीला लगाम घातला. सप्टेंबरमधल्या '०एक्स१२बी' ने संगणक निवांत असतानाची जास्तीची मागणी रोखली. मे २०२५ मध्ये '०एक्स१२एफ' आले, ते सलग कित्येक दिवस हलक्या कामावर सुरू राहणाऱ्या संगणकांसाठी. ज्याने पहिला डोस घेऊन पुढचे टाळले, त्याचे संरक्षण अपुरे राहिले.

हे सर्व उपाय पुढची झीज रोखतात. झालेली झीज मात्र कोणत्याही फर्मवेअरने भरून येत नाही. डोळ्याच्या काचबिंदूत गेलेली नजर औषधाने परत येत नाही, उरलेली टिकते, इथेही तसेच. लक्षणे दिसेपर्यंत थांबणाऱ्याला पुढे प्रोसेसर बदलून घेणे एवढाच मार्ग उरतो. इंटेलने त्यासाठी या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. खोक्यातून सुटे विकत घेतलेल्या प्रोसेसरला त्यामुळे तीनऐवजी पाच वर्षांची हमी मिळते. हा दोष प्रामुख्याने डेस्कटॉपच्या कोअर आय९, आय७ आणि आय५ मधल्या वरच्या मॉडेलमध्ये आहे. तेराव्या पिढीची विक्री ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. त्या वेळी घेतलेल्या प्रोसेसरची पाच वर्षे ऑक्टोबर २०२७ मध्ये संपतील. असा संगणक ज्यांच्याकडे आहे, त्यांनी बिल शोधून ठेवणे आणि बायोसची तारीख पाहणे ही दोन कामे पुढे ढकलू नयेत. तयार संगणक घेतला असेल, तर हमीसाठी तो बनवणाऱ्या किंवा जोडून देणाऱ्या विक्रेत्याकडे जावे लागते.

केवळ एका कंपनीची ही गोष्ट नाही. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही नवे रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या तक्रारी आल्या. तिथेही उपाय बायोसमधूनच आला. प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारे व्होल्टेज १.३ च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा नव्या आवृत्तीत घातली गेली.

मग रोज नवे टाकायचे का?

नाही. फर्मवेअर बदलताना चिपमधला जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. ही काही मिनिटे नाजूक असतात. नेमकी तेव्हाच वीज गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो. बटण दाबले तरी पडद्यावर काहीच येत नाही. चिपमधला मजकूर गेला की काय होते, हे भारतासह आशियातल्या अनेक देशांनी २६ एप्रिल १९९९ रोजी पाहिले. 'सीआयएच' किंवा 'चेर्नोबिल' नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला आणि डिस्कबरोबर अनेक बोर्डांवरचे बायोसही खराब करून गेला.

म्हणून कारण असेल तरच बायोस बदलावे. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीखाली तिच्यात काय बदलले ते लिहिलेले असते. ते वाचून निर्णय घेता येतो. सुरक्षेची त्रुटी दुरुस्त केली आहे, प्रोसेसर किंवा बोर्डाचे नुकसान टळते आहे, अथवा आपल्याला सतावणारा बिघाड बरा होतो आहे, असे असेल तर उशीर करू नये. केवळ नव्या प्रोसेसरला आधार दिला असेल आणि तो आपल्याला बसवायचा नसेल, तर घाई नाही. 'बीटा' लिहिलेल्या आवृत्तीपासून सर्वसाधारण ग्राहकाने लांब राहावे.

आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे पाहणे सोपे आहे. विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि 'आर' एकत्र दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप केले, की मदरबोर्डचे नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. बदलण्यापूर्वीची पथ्ये अशी:

संगणक चांगल्या यूपीएसवर ठेवावा. वादळी पावसाची किंवा भारनियमनाची वेळ टाळावी. फाइल बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. एकाच नावाच्या बोर्डांच्या उपआवृत्त्या असतात, तीही अक्षरे जुळवावीत. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. डिस्कवर 'बिटलॉकर' चालू असेल तर ते तात्पुरते थांबवावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. नाहीतर बायोस बदलल्यावर संगणक ती की मागतो आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइलींना मुकावे लागते. शेवटची गोष्ट, नवे बायोस टाकल्यावर रॅमचा वेग, पंखे यांच्या जुन्या सेटिंग्ज बहुधा पुसल्या जातात. त्या आधी मोबाइलने टिपून ठेवाव्यात. काही बोर्डांवर 'फ्लॅशबॅक'चे बटण असते. त्यामुळे बिघडलेले बायोसही पेनड्राइव्हवरून पुन्हा भरता येते. नवा बोर्ड घेताना ही सोय आहे का, हे विचारायला हरकत नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत नियम थोडा सैल आहे. विंडोज अपडेटमधून येणारे ड्रायव्हर बहुतेकांना पुरतात. ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर कंपनीकडून घ्यावेत. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत' असे ओरडणारे फुकट प्रोग्रॅम मात्र टाकू नयेत. अंगात काही नसताना औषधांची पिशवी हाती देणाऱ्या भोंदूची आणि त्यांची जात एकच.

नवे येते आहे, थांबावे का?

प्रोसेसर बदलायचा म्हटला की सॉकेटचा प्रश्न येतो. एएमडीच्या 'एएम४' सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन आले आणि २०२० मधली ५००० मालिकाही त्यावरच बसली; जुन्या बोर्डांना बायोस नवे करावे लागले एवढेच. २०२२ मध्ये आलेल्या 'एएम५' ला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचा 'एलजीए १७००' बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी 'एलजीए १८५१' हा नवा सॉकेट, म्हणजे नवा बोर्ड लागला.

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवायचा असेल तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस नवे करावे. आधी प्रोसेसर बदलला आणि बोर्डाला त्याची ओळखच नसली, तर पडदा काळाच राहतो.

अगदी नव्या पिढीसाठी रांगेत पहिले उभे राहण्यातही शहाणपण नाही. कोअर अल्ट्रा २०० बाजारात आली तेव्हा खेळांमधला तिचा वेग अपेक्षेपेक्षा कमी निघाला. इंटेलने कारणे शोधली आणि विंडोज व फर्मवेअरमधल्या दुरुस्त्या जानेवारी २०२५ पर्यंत येत राहिल्या. पहिले काही महिने ग्राहकच चाचणीतले रुग्ण असतात. काम अडले नसेल, तर तेवढे महिने थांबून घेतलेला संगणक अधिक स्थिर मिळतो.

दवाखान्यातला संगणक

घरचा संगणक बंद पडला तर गैरसोय होते. रुग्णालयातला बंद पडला तर तपासण्यांचे अहवाल अडतात, शस्त्रक्रिया पुढे जातात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे काम विस्कळीत केले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिली होती. औषध कपाटात होते, दिले गेले नव्हते.

इथे एक वेगळा इशाराही आवश्यक आहे. सीटी स्कॅन, एमआरआय किंवा प्रयोगशाळेतल्या विश्लेषक यंत्राला जोडलेला संगणक साधा डेस्कटॉप दिसला तरी तो त्या यंत्राचाच भाग असतो. त्याचे फर्मवेअर, ड्रायव्हर किंवा विंडोज कोणीही परस्पर बदलू नये. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तपासून दिलेलेच बदल तिच्या अभियंत्याकडून करून घ्यावेत आणि तोवर असा संगणक इंटरनेटपासून वेगळा ठेवावा. नोंदणी, औषधभांडार, बाह्यरुग्ण विभागातले संगणक मात्र नेहमीच्या शिस्तीत यायला हवेत.

त्या शिस्तीला एक तारीखही आहे. संगणक चालू होताना घुसखोर प्रोग्रॅम रोखणारी 'सिक्युअर बूट' ही सोय २०११ मधल्या प्रमाणपत्रांवर उभी आहे आणि त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. म्हणून त्या दिवशी संगणक बंद पडत नाहीत. पण नवी प्रमाणपत्रे न मिळालेल्या संगणकांना सुरू होण्याच्या टप्प्यावरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत. बहुतेकांना ती विंडोज अपडेटमधून मिळतात, काहींना त्यासाठी कंपनीचे नवे बायोसही लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही या हिशेबात धरावे.

यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. प्रत्येक संगणकाच्या नावाने वहीत चार ओळी असाव्यात: मदरबोर्ड आणि प्रोसेसरचे मॉडेल, खरेदीची तारीख, बायोसची आवृत्ती, शेवटची तपासणी केव्हा केली. सहा महिन्यांनी एकदा त्या ओळी कंपनीच्या संकेतस्थळाशी ताडून पाहायला पंधरा मिनिटे पुरतात.