विठाबाईंचा फड

मागच्या वेळी आपल्या जेऊरच्या गटात जत्रेचा विषय निघाला, तेव्हा वयस्कर बायका म्हणाल्या, "तमाशा आम्ही लांबूनच ऐकला. बायकांनी जायचं नसायचं." म्हणून आज आम्ही तमाशातल्याच एका बाईविषयी सांगणार आहोत.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. नाव पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचं, पण जन्म आपल्याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा, १९३५ सालचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड गाजलेला. पोर ढोलकी ऐकतच वाढली.

तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. दसऱ्याला फड बाहेर पडला की उन्हाळ्यातल्या जत्रा उरकेपर्यंत गावोगाव फिरतो. तंबू, गाड्या, माणसांचं जेवणखाण, सगळं खेळाच्या पैशावर. अवकाळी पाऊस आला की कर्ज. विठाबाई गायच्या, नाचायच्या, वगात कामही करायच्या.

त्यांची एक गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. दिवस भरलेले, तरी त्या बोर्डावर उभ्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या! लोकांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला. हे कौतुकानं सांगतात. आम्हाला मात्र ऊसतोडीला गेलेली बाई आठवते. पाचटात बाळंत व्हायचं आणि पुन्हा कोयता हातात घ्यायचा. खाडा परवडत नाही, हिलाही आणि तिलाही.

१९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. तरी म्हातारपणी हात रिकामेच. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. आता राज्य शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. लेक मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला.

आपल्याकडेही भारूड, गोंधळ, हलगी यांत आयुष्य घालवलेली माणसं आहेत. अशा वयस्कर कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं शासनाची मानधन योजना आहे. २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये. पंचायत समितीत चौकशी करा. अर्जाला कलेचा पुरावा लागतो, तेव्हा पेटीतले जुने फोटो, जत्रेची हँडबिलं, पेपरातली कात्रणं रद्दीत घालू नका.