जीपमध्ये गप्पा मारायच्यात? आधी भोकं बुजवा!

एमएम ५४० वगैरे जुन्या डिझेल जीप म्हणजे आपल्याकडे प्रेमप्रकरणच! माझ्या कळव्यातल्या मित्राकडेही एक जुनी जीप आहे. डोंगरात मस्त पळते, पण मुंब्रा बायपासच्या चढावर शेजारी बसलेल्या आईचं बोलणं ऐकू येत नाही. आता आई बसायलाच नाही म्हणते. पठ्ठ्या थेट आवाज दाबणारं चिकट मॅटिंग आणायला निघाला. म्हटलं, थांब बॉस.

आवाज दोन वाटांनी येतो. एक, भोकांतून. दुसरा, इंजिनाच्या थरथरीतून. मग पत्राच स्पीकरसारखा वाजतो. म्हणून आधी इंजिन माउंटिंगची आणि सायलेन्सर लटकतो ती रबरं बघा. रबर कडक झालं की सगळी थरथर चॅसीत उतरते. मग पेडल, स्टिअरिंग, वायरिंग जिथून आत येतं ती भोकं आणि गिअर लिव्हरचा फाटका बूट. रात्री आत बसा, बाहेरून कुणाला तरी टॉर्च मारायला सांगा. उजेड शिरतो तिथून आवाजही शिरतो.

मॅटिंग त्यानंतर, आणि तेही सगळीकडे नको. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध तुकडे लावले तरी बराच फरक पडतो. खाली फोम, वर जड रबरी मॅट. फक्त खाडीकाठचा पावसाळा विसरू नका! गंज घासून रंग मारल्याशिवाय काहीही चिकटवायचं नाही, पाणी पिणारा फोम घ्यायचा नाही, नाहीतर मॅटखाली फ्लोअर कधी कुजला ते कळणारही नाही.

वरचं हूड कापडी असेल, तर वाऱ्याचा आवाज मात्र राहणारच.