गुडघ्यातील अस्थिबंधाची शस्त्रक्रिया आणि घरातील नऊ महिने

नवी दिल्ली : गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधावरील शस्त्रक्रिया आता दुर्बिणीद्वारे, लहान छेदांतून केली जाते आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात. त्यामुळे महिनाभरात सारे पूर्ववत होईल, असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात पूर्ण बरे होण्यास साधारण नऊ महिने ते एक वर्ष लागते. या काळातील नाजूक टप्पा पहिल्या आठवड्याबरोबर संपत नाही. वेदना जवळजवळ थांबल्यानंतर तो नव्याने सुरू होतो.

यामागील कारण समजून घेण्यासाठी गुडघ्याच्या आत पाहावे लागते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडणारा ‘एसीएल’ हा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि शरीर वळताना गुडघा स्थिर ठेवतो. कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना, दुचाकी घसरल्याने, कधी ओल्या पायरीवर पाय पिरगळल्यानेही तो तुटतो. पूर्ण तुटलेला अस्थिबंध सहसा पुन्हा पूर्वीसारखा सांधला जात नाही. म्हणून शल्यचिकित्सक बहुधा रुग्णाच्याच मांडीच्या मागील बाजूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेऊन ती हाडांत पाडलेल्या बोगद्यांत बसवतात. या ‘ग्राफ्ट’मध्ये पुढे नवा रक्तपुरवठा तयार होतो, जुन्या पेशी नष्ट होऊन नव्या येतात आणि हळूहळू कंडरेचे अस्थिबंधासारख्या ऊतीत रूपांतर होते. मात्र, बळकट होण्यापूर्वी हा ग्राफ्ट दुबळा होतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान तो सर्वांत कमजोर असतो, असे मानले जाते.

नेमक्या याच सुमारास कुबड्या सुटलेल्या असतात, सूज ओसरलेली असते आणि रुग्ण घरात न लंगडता चालू लागतो. रुग्ण गृहिणी असेल, तर ‘आता बरी दिसतेस’ या वाक्यासोबत स्वयंपाकघर, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांची औषधे तिच्याकडे परत येतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिलांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात; पुरुषांची ८८. शस्त्रक्रियेचा खर्च किती, याची चौकशी प्रत्येक कुटुंब करते. ही २८९ मिनिटे नऊ महिने कोण वाटून घेणार, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

नोकरदारांची अडचण वेगळी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण वर्षातून कमाल ९१ दिवस. म्हणजे तेरा आठवडे. उभ्याने किंवा ओझी उचलून काम करणाऱ्याचा गुडघा तेवढ्यात त्या कामास तयार झालेला असेलच, असे नाही.

घरातील चुका बहुधा मायेपोटीच होतात. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली उशी ठेवली की आराम वाटतो, म्हणून कोणीतरी ती हमखास ठेवते. परंतु त्यामुळे गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे चालताना पाय पूर्ण सरळ होत नाही. उशी ठेवायची झाल्यास ती टाचेखाली, गुडघा अधांतरी राहील अशी ठेवावी, असा सल्ला दिला जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत पाय पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा जागा होणे, या दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व असते. त्यासाठी सलग तासभर मोकळा मिळण्याची वाट पाहण्याची गरज नाही. दहा-दहा मिनिटांचे व्यायाम दिवसात अनेकदा करता येतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणेही त्यात बसते, अर्थात फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यानंतरच.

आपल्याकडील घरांची रचना ही आणखी एक बाब. उकिडवे बसून फरशी पुसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय, मांडी घालून जेवण, खाली बसून भाजी निवडणे या सर्वांत गुडघा खोल वाकतो. गुडघ्यातील गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवलेली असल्यास असे बसणे अनेक महिने वर्ज्य असते. उंच खुर्ची, कमोडची सोय आणि लांब दांड्याचा पोछा यांची व्यवस्था शस्त्रक्रियेपूर्वीच करणे सोयीचे. कडेवर मूल घेऊन जिना उतरणे किंवा भरलेली कळशी उचलून झटकन वळणे याहून धोक्याचे. तोल गेल्यास ग्राफ्टवर एकदम ताण येतो. कामाचा भार किती झाला, हे संध्याकाळी गुडघाच सांगतो. सकाळपेक्षा सूज वाढली असेल, तर दुसऱ्या दिवशी कामे कमी करावी लागतात. पोटरी दुखून सुजणे, ताप किंवा जखमेतून स्राव येणे या तक्रारी मात्र थांबून पाहण्याच्या नाहीत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अचानक धाप लागल्यास क्षणभरही थांबू नये.

घाईची किंमत खेळाडूंच्या अभ्यासातून स्पष्ट झाली आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत लांबवल्यास प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी आढळले. ऋषभ पंतवर जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्याच्या अस्थिबंधांची शस्त्रक्रिया झाली आणि तो मार्च २०२४ मध्ये आयपीएलच्या मैदानावर परतला. त्याची दुखापत अधिक गंभीर होती, हे खरे. पण त्याच्या दिमतीला बेंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी होती आणि बरे होणे हेच त्याचे पूर्णवेळ काम होते.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या चाचणीत, आधी केवळ व्यायामोपचार घेतलेल्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना पहिल्या दोन वर्षांत शस्त्रक्रियेची गरज भासली नाही. गुडघा वारंवार निसटत असेल, कामाचे स्वरूप कष्टाचे असेल किंवा खेळात परतायचे असेल, तर निर्णय वेगळा होतो. डॉक्टरांशी ही चर्चा करताना घरातील आणखी एखादी व्यक्ती सोबत असावी. पुढील नऊ महिन्यांत सकाळचा डबा कोण करणार, हे तिलाही त्याच वेळी ठरवता येईल.