घरगुती प्रिंटरचें खरें वय

गेल्या सत्रांत नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, बाबा एक वापरलेला प्रिंटर घेणार आहेत. दुकानदार म्हणतो, २०१४ चा आहे. हें खरें कीं खोटें, कसें ओळखावें?" तीन हजार रुपये ही त्या घरीं लहान रक्कम नव्हे, म्हणून आम्ही स्वतः त्याच्या वडिलांबरोबर गेलों. प्रिंटर एचपी कंपनीचा लेझरजेट १०२० प्लस होता.

दुकानदार खोटें बोलत नव्हता. यंत्राच्या पाठीवरील चिठ्ठीवर तेंच साल होतें. परंतु तें साल त्या एका यंत्राच्या जन्माचें, रचनेचें नव्हे. काल पाडलेली वीट कालचीच असते, साचा मात्र आजोबांच्या वेळचा असूं शकतो.

साच्याचें वय शोधावयाचें तर प्रथम झांकण उघडून कार्ट्रिज पाहावें. या जातीच्या प्रिंटरांत टोनरची कोरडी भुकटी आणि जिच्यावर लेझरच्या किरणानें अक्षरें उमटतात ती नळी, हीं दोन्ही एकाच डब्यांत असतात. यंत्राचे बाकीचे अवयव त्या डब्याभोंवतीं बेतलेले. डबा बदलला कीं सांगाडाहि बदलावा लागतो. म्हणून मॉडेलचें नांव बदलणें सोपें, कार्ट्रिज बदलणें महाग. आमच्यापुढील यंत्रांत १२ए हें कार्ट्रिज होतें. तें २००३ सालीं लेझरजेट १०१० बरोबर आलें, २००५ मध्यें १०२० नें तेंच घेतलें, व 'प्लस' ही शेपटी त्यानंतरची. कॅननच्या एलबीपी २९०० मधील ३०३ क्रमांकाचें कार्ट्रिज याचेंच भावंड होय. यांत नवल नाहीं. १९८४ च्या पहिल्या लेझरजेटपासून आंतील यंत्रणा कॅननची व वरचें नांव एचपीचें, असा या दोन कंपन्यांचा व्यवहार आहे.

दुसरी खूण ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे संगणक व प्रिंटर यांमधील दुभाषी. तो कोणकोणत्या संगणकप्रणालींवर चालतो याची यादी कंपनी देते. पुष्कळ लोक या यादींतील सर्वांत नवें नांव पाहून समाधान पावतात. परंतु नवीं नांवें मागाहून जोडतां येतात. पाहावयाचें तें सर्वांत जुनें. १०२० च्या यादींत विंडोज ९८ आहे, आणि त्या प्रणालीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनें २००६ सालींच सोडला. दोन्ही साक्षी जुळल्या.

आतां, जुनी रचना हा दोष आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १२ए भरून देणारा मनुष्य तालुक्याच्या गांवींहि भेटतो. नव्या मॉडेलांचें तसें नाहीं. खरी मेख निराळी आहे. या प्रिंटरची स्मरणशक्ति अवघी दोन मेगाबाइट. पान जुळविण्याचें काम संगणकच करतो. इतकेंच नव्हे, तर प्रत्येक वेळीं चालू केल्यावर प्रिंटरनें कसें वागावें याच्या सूचनाहि संगणकाकडूनच याव्या लागतात. तेव्हां त्याचे रूळ कितीहि धडधाकट असोत, ज्या संगणकास त्याचा दुभाषी मिळणार नाहीं त्यापुढें तो मुकाच राहील.

हें ऐकून विद्यार्थ्याचे वडील घरीं गेले व आपला संगणक पिशवींत घालून घेऊन आले. दुकानांतच जोडून त्यांनीं दोन पानें छापून पाहिलीं. पानें स्वच्छ निघालीं. रचना २००३ ची असल्याचें त्यांनीं दुकानदारास कार्ट्रिज दाखवून समजावून दिलें, आणि सौदा चोवीसशेंस ठरला.